इंटरनेटची नळजोडणी

*ताई, मी मूळची कोल्हापूरची. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं एका सीएंच्या ऑफिसात होते. २०१२ मध्ये लग्न होऊन कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर. मग दोन मुलं झाली आणि वर्षं कुठे गेली कळलंच नाही. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. आता मी ३९ वर्षांची आहे. घरातलं वायफाय, प्रिंटर, मुलांचे लॅपटॉप सगळं मीच बघते. आमच्या हॉलमध्ये नेट सारखं तुटायचं. नवऱ्याने दोन नवे राउटर आणून पाहिले. शेवटी माझ्या लक्षात आलं की राउटर आणि सोफा यांच्या मधोमध माशांची टाकी आहे. राउटर उचलून कपाटावर ठेवला, झालं. गणपतीत आरती कोल्हापूरला लाइव्ह दिसावी म्हणून मंडळाच्या हॉलमधली जोडणीही मीच केली. तेव्हापासून मनात आहे की हे नीट शिकावं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स आणि नेटवर्किंग शिकवतात. घरी विषय काढला तर नवरा हसला. त्याचे मित्र सगळे सॉफ्टवेअरवाले. ते म्हणतात, नेटवर्किंग म्हणजे इंटरनेटची नळजोडणी, आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं आयटीआय. दीर म्हणतो, कॉलेजबिलेज सोड, डम्प, म्हणजे परीक्षेचे फुटलेले प्रश्न, पाठ कर आणि सर्टिफिकेट काढ. मैत्रीण म्हणते, करायचंच तर डेटा सायन्समध्ये एमएस कर. आणि एआय हे सगळं खाणार, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. माझं गणित यथातथा. इंग्रजी वाचायला ठीक, फोनवर बोलायची भीती वाटते. मी मूर्खपणा तर करत नाहीये ना?*

*फ्रीमाँटहून एक वाचक*

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवर येते.

आधी माशांच्या टाकीबद्दल. पाणी वायफायची लहर पिऊन टाकतं, हे पुस्तकात असतंच. तू मात्र पुस्तक न उघडता तिथे पोचलीस. नवरा राउटर बदलत राहिला आणि तू घरभर फिरून कुठे चालतं, कुठे तुटतं आणि मध्ये काय आहे ते पाहिलंस. मी एका शाळा-डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांच्या कारभाराच्या, नेटवर्कवर बावीस वर्षं काढली. हाताखाली कितीतरी पोरं आली, चांगल्या डिग्र्या घेऊन आली. जागेवरून उठून जाऊन बघायची सवय त्यातल्या निम्म्यांना शेवटपर्यंत लागली नाही. तेव्हा मूर्खपणा वगैरे शब्द आधी पत्रातून खोडून टाक.

आता नळजोडणी. हा विनोद मी २००१ पासून ऐकते आहे. त्या वर्षी मी तुझ्याच वयाच्या आसपास होते आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसले होते. डॉट-कॉमचा फुगा नुकताच फुटलेला. माझ्या शेजारी बसलेला माणूस सहा महिन्यांपूर्वीपर्यंत कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर डायरेक्टर होता. केबलला क्लिप कशी बसवायची ते मी त्याला शिकवलं. त्यानंतर नळजोडणी या शब्दाचं मला कधी वाईट वाटलं नाही. तुझ्या घरी जमणाऱ्या मंडळींना एवढंच विचार की, २०२० मध्ये सगळं ऑफिस घरात आलं आणि मीटिंगच्या मध्येच नेट गेलं, तेव्हा त्यांनी कुणाला हाक मारली. तुमच्या घरात तरी ती हाक तुलाच आली असणार.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आयटीआय, हे निम्मं खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काय, ते मला कळत नाही. इथे तेच कॉलेज वेल्डिंगही शिकवतं, नर्सिंगही, आणि पहिली दोन वर्षं काढून बर्कलीला जाणाऱ्या मुलांना कॅल्क्युलसही. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. जिल बायडन अध्यक्षांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये राहत होत्या तेव्हाही नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात शिकवायला जात होत्या. हे नवऱ्याच्या मित्रांना सांगायला उपयोगी पडेल. तुला स्वतःला त्याची गरज नाही.

डेटा सायन्सच्या एमएसवर फार वेळ घालवत नाही. तुला ते करायचं नाहीये, मैत्रिणीला तू ते करायला हवं आहे. गणित यथातथा म्हणतेस, त्यात आवड नाही, आणि पैसे लागतील हजारोंनी. पुढे मन बदललं तर कॉलेजचे बरेचसे क्रेडिट स्टेट युनिव्हर्सिटीत चालतात. कुठला कोर्स कुठे धरला जातो, ते ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. वाट बंद होत नाही, एवढं पुरे.

दिराचं मात्र जरा सविस्तर घ्यायला हवं, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्ञान फुकट मिळतं. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात घरबसल्या राउटर-स्विच मांडून खेळता येतं. यूट्यूबवर सीसीएनएचा, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट-परीक्षेचा, सगळा अभ्यासक्रम पडलेला आहे. परीक्षेची फी ३०० डॉलर, वेळ दोन तास, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. मग कॉलेजात कशाला जायचं? डम्प पाठ करून परीक्षा पास झालेली माणसं मी मुलाखतीत पाहिली आहेत. त्यांच्या हातात निळी कन्सोल केबल, म्हणजे यंत्राला थेट जोडून हुकूम द्यायची वायर, दिली की ती तिच्याकडे पाहुणीसारखी बघतात. शिवाय डम्प वापरल्याचं उघडकीला आलं तर सिस्को सर्टिफिकेट काढून घेतं. पण चोरी आहे म्हणून करू नको, हे मी सांगायची गरज नसावी. तू सीएच्या ऑफिसातली आहेस.

कॉलेजात तुला दोन गोष्टी मिळतात आणि त्या दुसरीकडे पैसे टाकूनही मिळत नाहीत. एक म्हणजे मोडायची मुभा. दुसरी म्हणजे तू मोडलेलं दुरुस्त करताना ज्यांनी पाहिलं आहे अशी चार माणसं.

मोडण्याची माझी गोष्ट सांगते. वर्गात आमचे चार गट होते, प्रत्येकाचा स्विच, म्हणजे अनेक संगणकांच्या वायरी एकत्र जोडणारा डबा. ते सगळे एका ट्रंकने जोडलेले. ट्रंक म्हणजे एकाच वायरीवरून अनेक वेगवेगळ्या नेटवर्कची, म्हणजे व्हीलॅनची, वाहतूक. त्या ट्रंकवर मला ३० नंबरचं व्हीलॅन वाढवायचं होतं. मी पलीकडच्या स्विचवर दुरून लॉगइन केलं आणि टाइप केलं, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’. एंटर दाबलं आणि माझा स्क्रीन गोठला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आमचं गेलं. मग दुसरा गट. मग सगळा वर्ग. झालं असं की त्या हुकुमात ‘ॲड’ हा एक शब्द लागतो. ‘ॲड ३०’ म्हटलं तर तीस नंबर वाढतो. नुसतं ३० म्हटलं तर स्विच समजतो की आता या वायरीवरून फक्त तीस जाऊ द्यायचा, बाकी सगळे बंद. मी ज्या व्हीलॅनवरून आत शिरले होते, तेही त्यात बंद झालं. ज्या फांदीवर बसले होते, तीच.

सर हातात कॉफी घेऊन आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, आता चालत जा. लॅबच्या दुसऱ्या टोकाचा स्विच, वीस पावलं. कन्सोल लावून मी तो पूर्वपदावर आणला. वीस पावलांत माझे कान लाल झाले होते. नोकरी लागल्यावर तोच स्विच अकरा मैलांवरच्या शाळेत होता आणि तिथे चालत जाण्याचा अर्थ शाळेचे फोन, घंटा आणि कॅमेरे तासभर बंद, असा होता. बावीस वर्षांत तो ‘ॲड’ मी एकदाही विसरले नाही. त्याच संध्याकाळी सरांनी आणखी एक युक्ती दिली, तीही घेऊन ठेव. दुरून काही जोखमीचं करायचं असेल तर आधी ‘रीलोड इन १०’ असा हुकूम द्यायचा आणि मधे काही सेव्ह करायचं नाही. हात कापून घेतलेच तर दहा मिनिटांनी यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होतं, जुन्या सेव्ह केलेल्या मांडणीसकट. सगळं सुरळीत झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ म्हणायचं, मग सेव्ह. हे पॅकेट ट्रेसर शिकवत नाही. ते शिकायला कुणीतरी शेजारी उभं असावं लागतं, आणि शक्यतो आपल्यावर हसणारे चार जण मागे.

तशीच ती केबलची क्लिप. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. क्रम ठरलेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फोडून निळी मध्ये घुसवायची, हे नवख्याला पटत नाही. त्याला वाटतं, जोड्या शेजारी-शेजारी छान दिसतील. तो दोन्ही टोकांना तशाच लावतो आणि दिवे लागणारा साधा टेस्टर म्हणतो, सगळं ठीक. आठच्या आठ दिवे हिरवे. पण संगणक जोडला की नेट रडत-खडत चालतं, कारण एकाच संदेशाच्या दोन तारा आता वेगवेगळ्या जोड्यांत गेल्या आणि पीळ ज्या कामासाठी होता ते काम होईनासं झालं. अशी वायर मी एका वाचनालयात दोन दिवस शोधली होती. सगळ्यांनी सॉफ्टवेअरवर खापर फोडून झालं होतं. म्हणून ऑनलाइन वर्ग सोयीचा वाटला तरी निदान पहिला कोर्स लॅबमध्ये बसून कर. तारेला हात लागू दे. फ्रीमाँटात राहतेस म्हणजे ओलोनी कॉलेज घराजवळ आहे, हेवर्डचं चाबो, सांता क्लाराचं मिशन आणि कुपर्टिनोचं डी अँझाही फार लांब नाहीत. वेळापत्रकात वर्ग कसा दिला आहे ते नीट बघ: प्रत्यक्ष, ऑनलाइन की मिश्र. नसेल कळत तर शिकवणाऱ्याला सरळ ईमेल कर की, लॅबमध्ये खरे स्विच आहेत का, आणि हात लावायला मिळतो का. चांगला शिक्षक या प्रश्नावर खूश होतो.

गणिताचं तू उगाच मनावर घेतलंयस. या विषयात घाबरवणारं प्रकरण एकच, सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांच्या आकडी पत्त्यांची वाटणी, आणि तुला ते शेतीच्या वाटणीच्या हिशोबाने सांगते. समज, तुझ्या वाट्याला २५६ पत्ते आले. चौघा भावांत वाटायचे, प्रत्येकाला ६४. पण या भावकीत एक अट आहे: तुकडा पाडायचा तर निम्म्यानेच. २५६ चे १२८, १२८ चे ६४, ६४ चे ३२. तिघांना सारखी वाटणी मागशील तर मिळणार नाही. आणि प्रत्येक वाडीतले दोन पत्ते राहायला देत नाहीत. पहिला पत्ता हे वाडीचं नाव. शेवटचा दवंडीसाठी राखीव, त्यावर हाक दिली की वाडीतल्या प्रत्येकाला ऐकू जाते. म्हणून ६४ मधले ६२ वापरायला. पहिली वाडी ० ते ६३, दुसरी ६४ ते १२७, तिसरी १२८ ते १९१, चौथी १९२ ते २५५. शेजारच्या वाडीत निरोप धाडायचा तर तो वेशीवरच्या माणसाकडे द्यावा लागतो. त्या वेशीवरच्या माणसाला राउटर म्हणतात. एवढं समजलं असेल तर वर्गातला सगळ्यात बदनाम आठवडा तुझा पार पडला. उरलेला सराव आहे, आणि सराव भाजी चिरता-चिरता होतो.

उलट तुझ्याकडे असं काही आहे जे त्या वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या पोरांकडे नसणार. ट्रायल बॅलन्समध्ये जमा-नावे जुळत नसले की तुमचे सीए काय करायला सांगायचे? फरकाला ९ ने भाग जातो का बघ, जात असेल तर कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत. फरकाची निम्मी रक्कम शोध, ती चुकीच्या बाजूला गेली असेल. म्हणजे सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचत बसायचं नाही, चूक कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखायचं. नेटवर्कमधलं बिघाड शोधणं म्हणजे हेच. सगळ्यांचं बंद आहे की एकाचं? नावाने उघडत नाही पण आकड्यांच्या पत्त्याने उघडतं का? सकाळपासून बंद आहे की कुणीतरी काहीतरी हलवल्यापासून? आणि या सगळ्याच्या आधी, पोर्टवरचा दिवा लागलाय का.

कॉम्प्युटर सायन्स आणि तू म्हणतेस ते इन्फर्मेशन सिस्टिम्स, यांत लोक गल्लत करतात, म्हणून सांगते. पहिल्यात यंत्राकडून काम करून घेण्याचं शास्त्र. दुसऱ्यात ऑफिस त्या यंत्रावर कसं चालतं ते: पगार, साठा, बिलं, डेटाबेस, कोणाला काय बघायची परवानगी. तुझा बी.कॉम. इथे वाया जात नाही, इथे तो निम्मा अभ्यास आहे. आणि शाळांच्या जगात तर त्याला खास भाव आहे. अमेरिकेत १९९६ च्या टेलिकॉम कायद्यातून ई-रेट नावाची योजना निघाली. शाळा आणि वाचनालयांना इंटरनेट जोडणीवर २० ते ९० टक्के सवलत मिळते, विद्यार्थी किती गरीब त्यावर मुख्यतः टक्का ठरतो. तेच स्विच, त्याच वायरी, पण त्यासाठी आधी जाहीर निविदा, मग अर्ज, मग बिलं, आणि दर टप्प्याला मुदत. मुदत हुकली की पैसे बुडाले. आमच्याकडे नेटवर्क कळणारी माणसं होती आणि हिशोब कळणारी माणसं होती, दोन्ही कळणारं कुणी नव्हतं. दर वर्षी त्या फॉर्मांच्या दिवसांत ऑफिसात सुतक असल्यासारखी शांतता पसरायची. तुझ्यासारखी एखादी मिळाली असती तर मी रोज तिच्यासाठी पोहे करून नेले असते.

म्हणूनच माझं मत, तू गूगल-मेटाच्या दिशेने बघूच नको. शाळा-डिस्ट्रिक्ट, शहराची कचेरी, वाचनालयं, हॉस्पिटलं, ही तुझी जागा. शाळांच्या नोकऱ्या ‘एडजॉइन’ नावाच्या संकेतस्थळावर लागतात. आजच एक फेरी मार आणि ‘टेक्नॉलॉजी सपोर्ट’ नावाच्या पाच जाहिराती वाच, काय मागतात ते लिहून काढ. ग्रीन कार्डवर या नोकऱ्या चालतात. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना मात्र नागरिकत्व लागतं. पगार तुझ्या नवऱ्याच्या निम्माही नसेल, पण कॅलिफोर्नियात शाळेच्या कर्मचाऱ्याला कॅलपर्सचं, म्हणजे राज्याच्या निवृत्तिवेतन निधीचं, पेन्शन असतं. त्याच्या मित्रांपैकी कितीजणांना पेन्शन आहे, तेही एकदा चहा देताना विचारून घे.

एआयचं मी गोड बोलून टाळणार नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याचाच अंदाज आहे की नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटरच्या एकूण जागा या दशकात थोड्या कमी होतील. क्लाउडमुळे बरीचशी यंत्रं कंपन्यांच्या आवारातून गेली, स्वयंचलित साधनांमुळे दहांचं काम सहा जण करतात. पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घेण्याचं कामही आटत जाणार. पण जुनी माणसं निवृत्त होतात, दुसरीकडे जातात, म्हणून दर वर्षी हजारो जागा भराव्याच लागतात. मी स्वतः निवृत्त झाले तेव्हा माझी एक जागा रिकामी झालीच की. २०२३ मध्ये नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटरचा मधला पगार देशभरात वर्षाला सुमारे ९५ हजार डॉलर होता, आणि हाताशी मदत करणाऱ्या सपोर्टवाल्यांचा साठ हजारांच्या आसपास. सुरुवात तुझी या दुसऱ्या पायरीवरून होईल आणि तिथे दोन-तीन वर्षं जातील, हे धरूनच चाल. सीसीएनएच्या अभ्यासक्रमात २०२० पासून ऑटोमेशन आहे आणि २०२४ च्या ऑगस्टपासून एआयची तोंडओळखही आली आहे, तेव्हा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकून ठेव. घाबरण्याइतकं नको, दोनशे स्विचवर एकच बदल करायचा तर हाताने करावा लागू नये इतकं. बाकी, शिडी लावून छतातला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा डबा, बदलणारा एआय माझ्या तरी पाहण्यात नाही.

पैशांचं पटकन सांगते. इथे कोर्सचं मोजमाप युनिटांत, आणि इथल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर. तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला पडतो, वर आरोग्य-फी वगैरे किरकोळ. ६० युनिटांची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, डिग्री घेतलीस तरी शिकवणीची फी २,७६० डॉलरच्या आसपास. उत्पन्न कमी असलेल्यांना तीही माफ होते, तुमच्या घरात ती शक्यता नसावी. पुस्तकं आधी घेऊ नको. सिस्कोच्या अकादमीचं साहित्य वर्गाबरोबर ऑनलाइन मिळतं, आणि वेळापत्रकात ज्या वर्गांना पुस्तकाचा खर्च नाही त्यांच्यावर तशी खूण असते. सीसीएनएचे तीन कोर्स असतात. शेवटचा चांगल्या गुणांनी पूर्ण केला तर परीक्षेच्या फीत सवलतीचं व्हाउचर मिळू शकतं, ते शिक्षकाला विचारून घे. डिग्रीचं आत्ता ठरवूच नको. आधी एक कोर्स, मग सर्टिफिकेट, मग वाटलं तर डिग्री.

हे वाचणाऱ्या एच-४ वरच्या मुलींसाठी एक वाक्य मध्येच: तुम्हाला शिकायला एफ-१, म्हणजे विद्यार्थी-व्हिसा, घ्यावा लागत नाही, एच-४ वर अर्धवेळ-पूर्णवेळ दोन्ही चालतं, आणि कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त राहिलात तर बहुधा रहिवाशाची फी लागते. पण ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, हातात नसेल तर कॉलेजातली विद्यार्थी-नोकरीसुद्धा करायची नाही, पगारी इंटर्नशिपही नाही. तिथे कुणी चालतं म्हणालं तरी ऐकू नका. मी स्वतः तसं कार्ड यायची वाट बघत साडेतीन वर्षं नुसती खिडकीतून बघत काढली. ती वर्षं शिकण्यात गेली असती तर बरं झालं असतं, पण तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तुला मात्र ती विद्यार्थी-नोकरी करता येईल आणि ती तू करायचीच आहेस. पहिल्या सत्रात चांगले गुण मिळव आणि दुसऱ्या सत्रात कॉलेजच्या हेल्पडेस्कवर किंवा लॅब असिस्टंट म्हणून अर्ज टाक. ताशी पगार मामुली. पण मघाशी म्हणाले ना, चार माणसांनी पाहिलेलं असावं, ती माणसं तिथे मिळतात. मला पहिली नोकरी जाहिरात वाचून लागली नाही. त्या कॉफीवाल्या सरांना डिस्ट्रिक्टमधून फोन आला की उद्यापासून कुणी आहे का, आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. माझ्याहून हुशार पोरं वर्गात होती. पण वीस पावलं चालत जाऊन नीट केलं आणि पुन्हा ती चूक केली नाही, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

फोनच्या इंग्रजीची भीती हेल्पडेस्कवरच जाते, दुसरा उपाय मला ठाऊक नाही. पहिल्या महिन्यात मी समोर कागद ठेवायचे. वर तीन वाक्यं लिहिलेली: तुमच्यासमोर स्क्रीनवर आत्ता काय दिसतंय, हे कधीपासून, आणि मी जे समजले ते पुन्हा म्हणून दाखवते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. उच्चारांचं कुणाला काही पडलेलं नसतं, आपलं ऐकून घेतलं जातंय का एवढंच बघतात. आणि बोलण्यात कमी पडलीस तर लिहिण्यात भरून काढ. आमच्याकडे तक्रार बंद करताना पोरं लिहायची, ‘झालं’. तू लिही, ‘खोली १४, ॲक्सेस पॉइंट बंद. स्विचच्या २३ नंबर पोर्टवर दिवा नव्हता. भिंतीतली वायर ठीक, पॅच केबल बदलली, १०.४० ला चालू.’ सीएच्या ऑफिसात व्हाउचरवर नॅरेशन लिहायचीस, तसं. सहा महिन्यांनी तोच ॲक्सेस पॉइंट पुन्हा गेला की लोक तुझी नोंद शोधतात आणि नाव लक्षात ठेवतात.

राहिला नवरा. पत्रावरून माणूस वाईट वाटत नाही, त्याला सवय नाही एवढंच. त्याला परवानगी मागू नको, वेळापत्रक दे. कॅलिफोर्नियात एका युनिटला सत्रभरात साधारण ४८ तास धरतात, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. तीन युनिटं म्हणजे १४४ तास, सत्र सोळा-सतरा आठवड्यांचं, म्हणजे आठवड्याला नऊ तास. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लाव. मंगळवार-गुरुवार संध्याकाळ तू घरी नसशील, तेव्हा मुलांचं जेवण, गृहपाठ आणि वायफाय त्याच्याकडे. वायफाय मुद्दाम लिही. नेट गेलं तरी वर्ग सुटेपर्यंत फोन करायचा नाही, हेही लिही. पहिल्या सत्रात एकच कोर्स घे. उत्साहात तीन घेशील, ऑक्टोबरमध्ये मुलगा आजारी पडेल, आणि मग सगळे म्हणतील, आम्ही म्हणत नव्हतो. सोडायची वेळ आलीच तर ठरलेल्या मुदतीत रीतसर नाव काढ. नुसतं जाणं बंद केलंस तर नापासाचा शेरा बसतो आणि तो पुढे प्रत्येक अर्जात आडवा येतो.

सिस्कोच्या पहिल्या कोर्सला आधीची अट आहे का बघ. असेल तर काउन्सेलरची वेळ घेऊन कोल्हापूरची मार्कलिस्ट दाखव. कधीकधी त्यावर भागतं, कधी त्या मार्कलिस्टचं इथल्या संस्थेकडून मूल्यांकन करून आणायला सांगतात. नाव नोंदवताना वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टवर राहा आणि पहिल्या दिवशी तरीही जाऊन बस. पहिल्या आठवड्यात चार-पाच जण गळतातच.

आणि स्वेटर घेऊन जा. स्विचच्या लॅबमध्ये एसी फार असतो, साडेनऊपर्यंत बोटं आखडतात, आणि त्या आठ तारा गार बोटांनी ओळीत धरता येत नाहीत.